पाककृतींची पुस्तकं: जमवणं, वाचणं आणि त्यांतून रांधणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या ठाण्याच्या घरात स्वयंपाकघराला लागून एक काचेचं कपाट आहे. मूळचं ते पाहुण्यांच्या कपबश्यांसाठी होतं. आता त्यात पाककृतींची 240 पुस्तकं आहेत आणि कपबश्या माळ्यावर गेल्यात. घरी येणारा माणूस कपाट बघतो, एखादं पुस्तक काढतो आणि ठरलेले प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

यूट्यूबवर सगळं दिसतं. मग पुस्तक कशाला?

दिसतं, हे कबूल. पुरणपोळी लाटताना हात किती हलका ठेवायचा हे मी छापील पानावरून कधीच शिकले नसते. तिथे मीसुद्धा व्हिडिओच लावते.

पण व्हिडिओ आपण जे मागितलं तेच देतो, आणि पुस्तक उघडलं की शेजारचं पानही उघडतं. एकदा फणसाच्या सांदणांसाठी पुस्तक काढलं. त्या आठवड्यात बाजारात बरका फणस नव्हता. समोरच्या पानावर धोंडस होतं: जून तवसं (मोठी काकडी) किसून, तांदळाची कणी आणि गूळ घालून केलेला कोकणातला केक म्हणा हवं तर. माझं माहेर वाईचं, त्यामुळे आमच्याकडे हे कुणी केलेलं नव्हतं. मी शोधायला गेले असते तर ‘धोंडस’ हा शब्द टाकायचं सुचलंच नसतं. आता दर श्रावणात होतं.

शिवाय पुस्तक नुसतं वाचताही येतं. माझ्या नवऱ्याच्या मते मी रहस्यकथा वाचावी तशी लोणच्यांची प्रकरणं वाचते. वाचते खरी.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

घरात जे आहे त्यापासून. मराठी घरांत बहुतेक वेळा ते कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ असतं, नाहीतर मंगला बर्व्यांचं ‘अन्नपूर्णा’. ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि पुढे लग्नाच्या आहेरात पातेल्यांच्या बरोबरीने दिलं जाऊ लागलं. त्याचं मोठं यश कशात असेल तर मापांत. वाटी आणि चमचा. तराजू नसलेल्या, नव्या गावी नव्या संसारात पडलेल्या मुलीला दुसरं काही लागत नाही.

‘वाटी म्हणजे नेमकी कुठली वाटी’ असं पुढे हमखास विचारलं जातं. पुस्तकाच्या सुरुवातीची पानं वाचा, बऱ्याच लेखिका मापं तिथे सांगून ठेवतात. नसतील तर घरातली एक वाटी धरा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. दोन वाट्या रव्याला एक वाटी साखर हे प्रमाण वाटी लहान-मोठी झाल्याने बिघडत नाही. बिघडतं ते अंडी आली की. अंडं काही वाटीप्रमाणे लहान-मोठं होत नाही, म्हणून केकला वाटीचा हट्ट धरू नका.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: अमेरिकन कप साधारण 240 मिलीलीटरचा, टेबलस्पून 15 चा, पण ऑस्ट्रेलियात टेबलस्पून 20 मिलीलीटरचा असतो. सिडनीच्या माझ्या मावसबहिणीच्या ढोकळ्याला सोड्याची चव का लागते हे आम्हाला चार वर्षांनी कळलं.

मराठीतलं सगळ्यात जुनं पाककृतींचं पुस्तक कोणतं?

छापील पुस्तकांत 1875 चं ‘सूपशास्त्र’ हे पहिलं समजतात. लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते, पुस्तक पुण्याचं. नाव वाचून चिनी सूप डोळ्यांपुढे आणू नका. संस्कृतात सूप म्हणजे वरण-आमटीसारखा पातळ पदार्थ आणि सूपकार म्हणजे आचारी. आणि हो, लेखक पुरुष आहे. बायका रांधत होत्या आणि पुरुष त्यावर पुस्तकं छापत होते, असा तो काळ. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ आलं, त्याचं दुसरं नावच ‘हजार पाकक्रिया’.

हस्तलिखितांत शिरलात तर मागे जायला हवा तेवढा रस्ता आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नावर स्वतंत्र भाग आहे. त्यात आपले मांडे आहेत, वडे आहेत आणि भाजलेले उंदीरही आहेत. ‘आपले पूर्वज काय खात होते’ यावर छाती फुगवून बोलणाऱ्या पाहुण्यांना मी हा भाग सांगते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त कुतूहल तंजावरचं आहे. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती मराठीत उतरवून ठेवल्या गेल्या. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे ते हस्तलिखित. ते तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे आणि त्यात इंग्रजी पदार्थसुद्धा आहेत. तमिळ मुलखात बसून कुणीतरी साहेबाचं जेवण मराठीत लिहीत होतं! आपल्याकडच्या ‘शुद्ध पारंपरिक’ वादांवर याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

शेर, छटाक, तोळा यांचे ग्रॅम किती?

वजनाचे आकडे सोपे आहेत. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम (सराफाकडचा हल्लीचा 10 ग्रॅमचा तोळा इथे चालणार नाही). पाच तोळ्यांचा छटाक, म्हणजे 58 ग्रॅम. वीस तोळ्यांचा पावशेर, 233 ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा शेर, 933 ग्रॅम. जुन्या मुंबईकर पुस्तकांत रतल भेटतो, तो पौंडाएवढा, 454 ग्रॅमचा धरा.

दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, भाजीबाजारात आजही आपण पाव किलोला ‘पावशेर’ म्हणतो, आणि किलो रुळल्यानंतरच्या काही पुस्तकांतही तो तसाच आलेला आहे. पुस्तकाचं साल बघा. दोन, धान्याचा शेर हा मापाचा शेर असतो, वजनाचा नव्हे. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही सगळी भरून मोजायची मापं: चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आणि हा शेर गावोगाव थोडाथोडा वेगळा असायचा. तिथे ग्रॅमच्या मागे लागू नका. चार शेर तांदळाला एक शेर उडीद असेल तर चार वाट्यांना एक वाटी घ्या आणि पुढे चला. तसंही पायलीभर घावनांचं पीठ कोण करतंय आता.

‘बेताचं पाणी’, ‘अंदाजे मीठ’, ‘साधारण आच’ म्हणजे किती?

हा खरा प्रश्न. बाकीचे सगळे याच्या आजूबाजूचे.

जुनी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी समोर जी वाचक धरली होती तिला रांधता येत होतं. तिला फक्त आठवण करून द्यायची होती. त्यामुळे प्रमाण लिहिलं जातं आणि हात लिहायचा राहून जातो. पुस्तकातून स्वयंपाक शिकणं म्हणजे तो राहिलेला हात शोधणं, असं मला तरी वाटतं. आणि त्यात पहिल्या फेरीला फजिती ठरलेली.

माझी अनारशांची फजिती सांगते. पुस्तकात सात ओळी होत्या. तांदूळ तीन दिवस भिजवावे, पाणी रोज बदलावे, उपसून सावलीत पसरावे, दमट असता कुटावे, चाळून पिठाबरोबरीने गूळ व थोडे तूप घालून मळावे, चार दिवस ठेवावे, खसखशीवर थापून मंद तुपात तळावे. एवढंच. ‘दमट असता’ म्हणजे कधी? मी पंच्यावर तांदूळ पसरले, वर पंखा लावला आणि ऑफिसला गेले. ऑक्टोबरचा उकाडा. संध्याकाळी तांदूळ बोटांत खुळखुळत होते. पीठ कोरडंठाक, गूळ त्यात मिळूनच येईना. म्हणून दुधाचा हात लावला, मग आणखी थोडा. चार दिवसांनी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला.

ज्यांनी अनारसा हसताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: तो आधी कडेने पसरतो, मग मधे भोकं पडतात, मग ती भोकं एकमेकांना भेटायला जातात, आणि मिनिटभरात कढईत अनारशाऐवजी गुळाचं तांबूस जाळं तरंगत असतं. तूपही वाया. त्या दिवाळीत आम्ही ते जाळं चमच्याने खाल्लं. चव अप्रतिम होती.

पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, मूठ बघ. तांदूळ मुठीत दाबले की हाताला गार लागले पाहिजेत, पण पाणी लागता कामा नये. आणि कोरडं पीठ वाटीभर बाजूला काढून ठेव. पहिला एकच सोड. हसला, तर त्यातलं मूठभर मळून घाल.” बाकी घट्ट झालं तर पिकलं केळं कुस्करून घालायचं, हेही त्यांचंच. हे सगळं मी त्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय. सात ओळींचा अनारसा आता एकोणीस ओळींचा आहे.

अशा खुणा जमवत गेलं की ‘बेताचं’ आपोआप कळायला लागतं. पुरण शिजलं की नाही हे घड्याळावरून ठरत नाही, त्यात उलथनं उभं राहिलं पाहिजे. मोहन पुरेसं पडलं की पिठाची मूठ वळते. पाक एकतारी की दोनतारी हे अंगठा आणि तर्जनी सांगते, गोळीबंद झाला की नाही हे पाण्याची वाटी. पळीवाढी, सैलसर, खरपूस, कणीदार हे शब्द वाचताना लेखिका मोघम बोलते आहे असं वाटतं, पण तीच तिची मापं आहेत.

आचेबद्दल एक सांगायला हवं. जुन्या पुस्तकांमागे चूल, शेगडी किंवा स्टोव्ह आहे. ‘वर-खाली विस्तव ठेवावा’ असं वाचलं की तिथे ताटावर निखारे ठेवलेले असतात, म्हणजे आपला ओव्हन. धोंडस मी 180 अंशांवर पाऊण तास भाजते. धुराचा वास येत नाही, पण ओटाही काळा होत नाही.

पहिल्या वेळी अगदी पुस्तकाबरहुकूम करायचं का?

हो. गूळ जास्त वाटला तरी. आधी लेखिकेला तिचं म्हणणं पूर्ण करू द्यावं, मग आपण बोलावं. ‘मी तुमच्या पद्धतीने केलं, फक्त नारळ घातला नाही, चिंचेऐवजी टोमॅटो घातला आणि बिघडलं’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

अपवाद मिरच्यांचा. जुन्या पुस्तकातल्या ‘दहा मिरच्या’ कुठल्या जातीच्या होत्या हे देव जाणे. निम्म्या घाला.

डालडा, केशरी रंग वगैरे लिहिलेलं असतं. ते तसंच घ्यायचं?

नाही, इथे मघाचा नियम मोडा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या पुस्तकांत वनस्पती तूप सर्रास आहे, कारण ते परवडत होतं आणि शंकरपाळ्या त्यात खुसखुशीत होत. त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे ते बदनाम झालं. 2022 पासून आपल्याकडे तेल-तुपांतल्या कारखानी ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे आजचा डबा तेव्हाच्या डब्यासारखा राहिलेलाही नाही. मी साजूक तूप घेते आणि मोहनाला थोडं कमी घालते. रंगाच्या जागी केशर किंवा काहीच नाही. साखरभाताला पिवळाधमक रंग हवाच, असं म्हणणारी पिढी आमच्याकडे आता एकाच आत्याच्या रूपाने उरली आहे.

जुनी पुस्तकं मिळतात कुठे?

मुंबईत फ्लोरा फाउंटनचे आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे पदपथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, आणि सगळीकडे रद्दीवाले. रद्दीवाल्याकडे जायचं ते दिवाळीच्या आधी, घरं आवरली जातात तेव्हा. पाककृतींचं पुस्तक तिथे जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात सापडतं, वजनावर मिळतं आणि बहुधा मुखपृष्ठाशिवाय असतं.

विकत घ्यायचं नसेल तर ग्रंथसंग्रहालयं आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. पुस्तक मागताना नाव ठाऊक नसेल तर ‘पाकशास्त्र’ हा विषय सांगा. ‘रेसिपी बुक’ म्हटलंत की तुम्हाला मायक्रोवेव्हवरची पुस्तकं देतील. फार जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रतीही आंतरजालावर सापडतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्व हक्क संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं बिनदिक्कत उतरवून घ्या.

आधीच्या मालकाने लिहून ठेवलेलं पुस्तक घ्यावं का? डाग पडलेलं?

तेच घ्यावं. कोरं पुस्तक म्हणजे त्यातून कुणी काही केलं नाही. डाग कुठल्या पानांवर आहेत बघा, त्या घरात काय होत होतं ते कळतं. हळदीचे ठसे एका पानावर आणि बाकी पुस्तक स्वच्छ, असं असेल तर ते पान आधी करून पाहावं.

किंग्ज सर्कलला घेतलेलं माझं एक पुस्तक आहे, ऐंशी रुपयांचं. निळ्या शाईत, बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. ‘गूळ कमी. सर्वांना आवडले. दिवाळी 77.’ ‘शेंगदाणे नकोत.’ मग एका टप्प्यापासून जवळजवळ प्रत्येक आमटी-भाजीच्या पानावर ‘मीठ निम्मे (अण्णा)’. पंचवीसेक पानांवर तरी. ही पानं क्रमाने नाहीत, तिने जसजसं केलं तसतसं लिहिलं असणार. कटाच्या आमटीच्या पानावर मात्र ‘मीठ निम्मे (अण्णा)’ यावर एक सरळ रेघ मारलेली आहे, पट्टी धरून मारावी तशी, आणि पुढे काही लिहिलेलं नाही.

त्या बाईचं नाव पुस्तकात कुठेही नाही. कटाची आमटी मी तिच्या पद्धतीने करते: ओलं खोबरं नाही, भाजलेलं सुकं, आणि एक लवंग जास्त.

एवढ्या पुस्तकांत सगळ्यांचं जेवण आलेलं आहे का?

कपाट भरलं तेव्हा हा प्रश्न मलाच पडला. माझ्याकडच्या पहिल्या शंभरांतली बहुसंख्य पुस्तकं पुण्या-मुंबईच्या, पांढरपेशा, मुख्यतः ब्राह्मणी स्वयंपाकघरांतली होती आणि मुखपृष्ठावर मात्र ‘महाराष्ट्रीय’ असं ठोकून दिलेलं. सारस्वतांची ‘रसचंद्रिका’ निदान नावागावासकट आपली ओळख सांगते. बाकीच्यांत चुलीवरची भाकरी आणि ठेचा ‘ग्रामीण पदार्थ’ या शेवटच्या चार पानांत कोंबलेला.

ही जागा किती रिकामी होती ते शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने दाखवलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या अन्नाचं ते पुस्तक 2015 चं. नावातला ‘अ’ बघा, श्लोकात तो नाही. त्यातल्या कित्येक पदार्थांना तेल-तूप लागत नाही, कारण घरात ते नव्हतंच. ‘तूप सढळ हाताने सोडावे’ हे वाक्य मी त्यानंतर पूर्वीसारखं वाचू शकलेले नाही. जमवायला लागलात तर खानदेशी, आगरी, कोळी, पाठारे प्रभू, सीकेपी, कोकणी मुसलमान अशी ठरवून शोधा. आपण होऊन ती हाताशी येत नाहीत.

कसर लागू नये म्हणून काय करावं?

पुस्तक ओलं ठेवू नका आणि पीठ सांडलेलं तसंच मिटू नका. कसरीला खळ, डिंक आणि पीठ आवडतं. पाककृतींच्या पुस्तकात तिला हे सगळं एका जागी मिळतं. आमच्याकडे कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे असतात. त्याने कसर किती जाते ते असो, वास छान येतो. पावसाळा संपला की पुस्तकं बाहेर काढून, पानं फडफडवून, सावलीत वारा द्यावा. खरा उपयोग त्याचाच. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते.

ओट्यावर पुस्तक उघडं ठेवायचं असेल तर वर काचेचं झाकण उपडं घाला. फोडणीपासून चार हात लांब, एवढं पुरे.

आईची वही या संग्रहात मोडते का?

मोडते, आणि आग लागली तर आधी तीच उचलायची. माझ्या आईची वही म्हणजे 1981 ची बँकेची डायरी आहे. साठवणीच्या कैरीच्या लोणच्याखाली तिने प्रमाण लिहिलेलं नाही. लिहिलंय: ‘वन्संसारखे’. वन्सं आता नाहीत.

एखादं पुस्तक उसनं मिळेल का?

नाही. यापूर्वी तीन गेली, एक परत आलं, तेही प्लॅस्टिकचं कव्हर घालून आणि माझ्या पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसून. ‘स्वच्छ करून दिलंय हं,’ असं वर सांगितलं. घरी या. ओट्याशी स्टूल आहे, वही-पेन आणा, उतरवून घ्या. शनिवारी आलात तर त्यातलं काहीतरी करूनही बघू. खोबरं तुम्ही खवायचं.